चीजमधलं रेनेट येतं कुठून?
पिझ्झ्यावरचं चीज शाकाहारी की नाही, हा प्रश्न उगाच विचारला जात नाही. दूधपित्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरात कायमोसिन नावाचं विकर असतं. ते दुधातल्या केसिन प्रथिनावर काम करतं आणि दूध आंबट न होताच घट्ट जमतं. पूर्वी युरोपात हे जठर वाळवायचे, तुकडे करून मिठाच्या पाण्यात भिजवायचे. तेच पाणी म्हणजे रेनेट. १८७४ मध्ये कोपनहेगनच्या ख्रिश्चन हॅन्सन यांनी त्याचा प्रमाणित अर्क बाजारात आणला. वासरू मात्र मारावंच लागे. १९९० मध्ये अमेरिकेत, वासराचं जनुक घातलेल्या जिवाणूंकडून बनवलेल्या कायमोसिनला परवानगी मिळाली. आता तिथलं बहुतेक चीज अशाच रेनेटवर जमतं. आपल्या पनीरला लिंबू पुरतं, तिथं ही भानगडच नाही. परदेशी चीज घेताना पाकिटावर हिरवा ठिपका आहे का, तेवढं बघावं.