मोटारीच्या इंजिनास भाता कशासाठीं?

लोहाराची भट्टी ज्यानें जवळून पाहिली आहे त्यास हें सांगावयास नको कीं, कोळसा कितीहि घातला तरी भाता थांबतांच विस्तव मंदावतो. मोटारीच्या इंजिनाचीहि हीच तऱ्हा आहे. अलीकडे आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ बागायतदारांच्या दारीं मालवाहू पिकअप गाड्या आल्या आहेत. 'इंजिन टर्बोचें आहे' असें विकणारा सांगतो. पण टर्बो म्हणजे काय हें तो फोड करून सांगत नाहीं, व घेणाराहि विचारीत नाहीं.

एक शेर पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा शेर हवा लागते. तेल वाटेल तितकें आंत सोडतां येतें. खरी अडचण हवेची. दट्ट्या खालीं उतरला कीं सिलिंडरांत पोकळी होते व बाहेरची हवा स्वतःच्या दाबानें आंत शिरते. हा दाब समुद्रकांठीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम असतो. त्याच्या जोरावर जितकी हवा येईल तितकेंच तेल जळणार. अधिक शक्ति पाहिजे तर सिलिंडर मोठें करावें, फेरे वाढवावे, नाहीं तर हवा दाबून भरावी. हें दाबून भरण्याचें काम करणारें यंत्र म्हणजे सुपरचार्जर.

त्याची एक जुनी जात अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० च्या सुमारास काढली. एका पेटींत दोन पाळींचीं दोन चक्रें एकमेकांस न घासतां उलट दिशांनीं फिरतात व हवा पुढें ढकलतात. लोखंडाच्या भट्ट्यांस वारा पुरविण्याकडे तिचा उपयोग होई, म्हणजे ती मूळची भाताच. इंजिनांत हवा दाबून भरण्याचें पेटंट जर्मनीच्या गोटलिब डाइम्लर यांनीं १८८५ त घेतलें, आणि १९२१ त बर्लिनच्या प्रदर्शनांत सुपरचार्जर बसविलेल्या मर्सिडीस गाड्या लोकांपुढें आल्या.

मात्र हवा दीडपट दाबानें भरली म्हणून शक्ति दीडपट होत नाहीं. दाबलेली हवा तापते (सायकलचा पंप हातास चटका देतो तो याचमुळें) आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून पुष्कळ गाड्यांत ती थंड करून मग सिलिंडरांत सोडतात. शिवाय सुपरचार्जर फिरतो तो इंजिनाच्याच दांड्यावरील पट्ट्यानें. आमचें आयुष्य महसूल खात्यांत गेलें, तेव्हां आम्हांस तर हा वसुलांतूनच वसुलीचा खर्च वजा करण्याचा प्रकार वाटतो. खर्च वजा जातां शिल्लक बरीच राहते, हें खरें.

हाच खर्च वांचविण्याची युक्ति स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं काढून १९०५ त तिचें पेटंट घेतलें. इंजिनाचा तप्त धूर वायां जातो, त्यानेंच एक चक्र फिरवावें व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें हवा दाबावी. हाच टर्बो. आपल्या डिझेल गाड्यांत असतो तो हा; पट्ट्याचा सुपरचार्जर इकडे क्वचितच दिसतो.

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरीं जावें तों उंची सुमारें १,३७० मीटर होते व हवेचा सुमारें आठवा हिस्सा उणा पडतो. साध्या इंजिनाची शक्ति जवळजवळ त्याच मानानें उतरते, आणि तीहि भरल्या गाडीनें चढ चढतांना. टर्बो ही तूट बहुतांशीं भरून काढतो.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांची गाडी याच घाटानें नारळ घेऊन जात असे. माथ्यावर पोंचतांच चालक इंजिन बंद करून चहास जाई. दुसऱ्या वर्षीं टर्बो जळाला, व दुरुस्तीस नारळांच्या एका मोसमाचा नफा गेला. टर्बोचें चक्र मिनिटास लाखभर फेरेहि घेतें, आणि त्याचा दांडा इंजिनाच्या वंगणावर तरंगत असतो. इंजिन एकाएकीं बंद केलें कीं वंगणाचा प्रवाह थांबतो, चक्र मात्र लाल तापलेलें असतें. तेथें उरलेलें तेल करपून कोळसा होतो. चढानंतर गाडी मिनिट दोन मिनिटें जागींच सावकाश चालूं दिली असती तर हा खर्च टळता. पुढें एका मिस्त्रीनें त्यांस 'पंप वाढवून देतों, गाडी पळेल' असें सुचविलें. डिझेल वाढविलें व हवा तितकीच राहिली, तर जास्तीचें डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतें आणि इंजिन फाजील तापतें. त्यांनीं तें ऐकलें नाहीं, हें बरें केलें.

मळणीच्या दिवसांत खळ्याजवळ गाडी उभी राहते तेव्हां हवेच्या गाळणींत कोंडा व धूळ भरते. गाळणी तुंबली कीं भात्याचें तोंड दाबल्यासारखें होतें, आणि ती फाटली तर कणी थेट त्या वेगवान चक्राच्या पात्यांवर आदळते. म्हणून मळणी संपतांच ती उघडून पाहावी, व वंगणहि ठरल्या मुदतींत बदलावें.