जुनी गाडी ऑइल ‘खाते’ तेव्हा...

बारा-पंधरा वर्षे इमानेइतबारे धावलेली मोटार. टायर बरे, बॅटरी ठीक, रंगही फारसा उतरलेला नाही. मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी वरच्या खुणेपर्यंत भरलेले इंजिन ऑइल दोन महिन्यांत डिपस्टिकच्या तळाशी गेलेले आढळते. गॅरेजमध्ये नेल्यावर मेकॅनिक सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवून काजळी दाखवतो आणि ‘इंजिनाचे काम निघाले’ असे सांगून मोकळा होतो. मग मालकापुढे दोनच मार्ग उरल्यासारखे वाटतात. एक तर इंजिनावर हजारो रुपये खर्च करायचे किंवा येईल त्या किमतीला गाडी विकून टाकायची. वास्तविक यापैकी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक आहे. कमी होणारे ऑइल नेमके जाते कोठे आणि किती वेगाने?

थोडी घट स्वाभाविकच

ऑइल अजिबात कमी न होणारे इंजिन नसते. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो. तो नसेल तर धातूवर धातू घासला जाईल. पेट्रोल मोटारीच्या पिस्टनवर सर्वसाधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन ज्वलनाचा दाब रोखतात, तर तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. जो सूक्ष्म थर मागे राहतो, त्यातला काही अंश इंधनाबरोबर जळतो. काही उत्पादक तर हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल लागणेही मर्यादेत मानतात. प्रत्यक्षात सुस्थितीतील इंजिनाला यापेक्षा खूपच कमी ऑइल पुरते.

वयोमानानुसार हे प्रमाण वाढत जाते. ऑइल वेळेवर न बदलल्यास ऑइल रिंगेच्या खाचांत कार्बन साचतो आणि रिंग आपल्या जागी चिकटून बसते. इंजिन एखाद्या वेळी फार तापले असेल तर रिंगांचा ताण कमी होतो. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील उष्णतेने कडक होतात व त्यांच्या कडेने ऑइल झिरपू लागते. शहरातील वाहतूक कोंडीत गाडी दहा किलोमीटर जाते, पण इंजिन मात्र तासभर चालते. त्यामुळे केवळ किलोमीटरचा आकडा पाहून इंजिनाच्या झिजेचा अंदाज बांधता येत नाही.

लाल दिव्याचा भरवसा नको

खरा धोका ऑइल जळण्यात नसून ते कमी झाल्याचे मालकाच्या लक्षात न येण्यात आहे. डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा पाहून ‘अजून दिवा लागलेला नाही, म्हणजे ऑइल आहे’ अशी अनेकांची समजूत होते. जुन्या मोटारींमध्ये हा दिवा ऑइलची पातळी सांगत नाही. तो ऑइलचा दाब फार खाली गेल्याचे सांगतो. पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागला की दाब कोसळतो आणि मगच दिवा लागतो. तोपर्यंत क्रँकशाफ्टची बेअरिंगे कोरडी पडू लागलेली असतात. चालत्या गाडीत हा दिवा लागल्यास गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार संपूर्ण इंजिन गमावण्यास पुरेसा ठरतो.

लहान मोटारीच्या इंजिनात एकूण ऑइलच सुमारे तीन लिटर असते. त्यातले लिटरभर कमी झाले तर उरलेल्या ऑइलवर उष्णतेचा व काजळीचा भार वाढतो आणि तेही लवकर निकामी होते. म्हणूनच ऑइल खाणाऱ्या गाडीची डिपस्टिक दर आठवड्याला, तसेच प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय होय.

आधी मोजमाप

‘फार ऑइल लागते’ या वाक्याला आकड्याशिवाय अर्थ नाही. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी किंवा इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पाहावे आणि मापाच्या भांड्याने त्याच खुणेपर्यंत ऑइल भरावे. जेवढे भरावे लागले तेवढा वापर. मधल्या काळात पातळी खालच्या खुणेकडे जात असेल तर मोजून ऑइल घालावे व त्याचीही नोंद ठेवावी. वरच्या खुणेपलीकडे मात्र कधीही भरू नये. जादा ऑइल क्रँकशाफ्टच्या फिरण्याने घुसळले जाऊन फेसाळते आणि उलट अधिक जळते.

उत्पादक कंपन्याही हीच पद्धत वापरतात. टोयोटाच्या २.४ लिटरच्या एका पेट्रोल इंजिनाबाबत अमेरिकेत अशा तक्रारी वाढल्यानंतर कंपनीने २०१५ मध्ये वाढीव वॉरंटी दिली. तेथेही आधी ऑइल खुणेपर्यंत भरून १,२०० मैल, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटर गाडी चालवण्याची चाचणी होती. त्या अंतरात जवळपास लिटरभराहून अधिक ऑइल संपल्यास पिस्टन व रिंगा बदलून दिल्या जात. आधी माप आणि मग दुरुस्ती, हा क्रम शहरातील छोट्या गॅरेजलाही तितकाच लागू पडतो.

गळती की ज्वलन?

ऑइल इंजिनाबाहेर जाण्याचे मार्ग दोनच. ते गळते किंवा जळते. गळती शोधण्यासाठी रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर डाग दिसल्यास गळतीची जागा साधारण कळते. मात्र काही गळती इंजिन चालू असताना, दाबाखालीच होते. अशा वेळी इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्यावे आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालवल्यानंतर पुन्हा पाहावे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल चेंबरचे पॅकिंग व त्याचा ड्रेन बोल्ट, क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील ही नेहमीची ठिकाणे. उंच गतिरोधकावर चेंबर आपटून चीर पडल्याची उदाहरणेही कमी नाहीत. गरम भागावर ऑइल ठिबकत असेल तर गाडी थांबल्यावर जळका वास येतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे हे किरकोळ काम आहे. त्यासाठी इंजिन उतरवण्याची गरज नसते.

धुराची भाषा

गळती नसेल तर धुराकडे वळावे. ऑइल जळाल्याचा धूर निळसर असतो. काळा धूर जादा इंधनाचा. तर गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर कूलंट जळत असल्याचा. निळा धूर कधी दिसतो, हे अधिक महत्त्वाचे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एकच लोट येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो, कारण रात्रभरात ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरलेले असते. खंडाळ्याचा घाट गिअरमध्ये उतरल्यानंतर पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच धूर निघाला तरी संशय तेथेच जातो. उतारावर थ्रॉटल बंद असल्याने इंजिनात मोठी पोकळी निर्माण होते आणि ती व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल ओढून घेते. याउलट घाट चढताना, भार पडलेला असताना सतत धूर येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजल्याची शक्यता अधिक.

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसल्यास हेड गॅस्केट गेल्याची भीती व्यक्त होते. पण केवळ जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, बाष्प साचूनही असा थर धरतो. कूलंटची पातळीही घटत असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल, तरच ती गंभीर खूण मानावी. टर्बो असलेल्या डिझेल मोटारीत टर्बोचे सील तपासणे अगत्याचे. तेथून जाणारे ऑइल इंधनासारखे जळू लागल्यास किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नाही, इतका तो दोष धोकादायक ठरू शकतो.

स्वस्त उपाय प्रथम

इंजिन उघडण्यापूर्वी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. इंजिनाच्या तळभागातील वायू पुन्हा ज्वलनासाठी नेणारा हा छोटा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. तो साफ करणे वा बदलणे अल्प खर्चात होते.

दुसरा उपाय ऑइलच्या निवडीचा. पातळ ऑइल झिजलेल्या फटींतून लवकर निसटते. पुस्तिकेत एकाहून अधिक दर्जांना परवानगी असेल तर त्यांतील अधिक दाट दर्जा निवडल्यास वापर कमी होऊ शकतो. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४०. परवानगीबाहेरचे फार दाट ऑइल मात्र थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचण्यास वेळ लावते आणि झीज वाढवते. जुन्या इंजिनांसाठी मिळणाऱ्या ‘हाय मायलेज’ ऑइलमधील घटक कडक झालेले सील काही अंशी मऊ करतात. ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधी बदलत राहिल्यास कार्बनने चिकटलेल्या रिंगा कधी कधी मोकळ्या होतात. वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात तीव्र फ्लशिंग करणे मात्र जोखमीचे असते. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर दाबच नाहीसा होतो.

इंजिन उघडण्यापूर्वी

एवढ्याने भागले नाही तर मेकॅनिककडे कॉम्प्रेशन चाचणीचा आग्रह धरावा. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, मग त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावा. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा वा सिलिंडर झिजलेले आहेत. कमी दाब तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे असण्याची शक्यता अधिक. दाब उत्तम असून सकाळी धूर येत असेल तर केवळ व्हॉल्व्ह सील बदलून काम भागू शकते. अनेक इंजिनांत त्यासाठी हेडही उतरवावे लागत नाही. ऑइल रिंग चिकटलेली असूनही कॉम्प्रेशन चांगले येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घालणे हा शेवटचा टप्पा असून, तो या आकड्यांवरूनच ठरावा.

हिशेब दुहेरी

समजा, गाडी दीड हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल घेते आणि महिन्याला पाचशे किलोमीटर चालते. म्हणजे वर्षाला चार लिटर. लिटरला पाचशे रुपये धरले तरी वर्षाचे दोन हजार. अशा गाडीच्या इंजिनावर तिच्या बाजारभावाइतकी रक्कम घालण्यापेक्षा नियमित टॉप-अप करणे शहाणपणाचे. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जात असेल, स्पार्क प्लग वारंवार तेलकट होत असतील, तर मात्र दुरुस्ती टाळू नये.

आणि हिशेब केवळ पैशांचा नाही. जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. मग इंधनाचे अपायकारक वायूही न रोखता बाहेर पडतात. निळा धूर सिग्नलला मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या आणि शाळेच्या रिक्षातील मुलांच्या श्वासात जातो. डोळ्यांना दिसणारा धूर सतत येत असेल तर टॉप-अपचे गणित तेथेच संपते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. ऑइलच्या नोंदींची वही हाती असेल, तर या टप्प्यावर दुरुस्ती, टॉप-अप की नोंदणीकृत केंद्रात गाडी भंगारात काढणे, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.