आपली गाडी, आपला पाना (भाग ७) : ऑइल फिल्टर घेण्याआधी

गेल्या भागात ऑइलच्या डब्यावरचे आकडे आणि अक्षरं वाचली. या वेळी त्याच ऑइलमधला कचरा अडवणाऱ्या वस्तूकडे वळू.

भिलाईत कारखान्याच्या शिफ्टला निघणाऱ्या दुचाकींत स्प्लेंडर पुष्कळ दिसतात. तिच्या १०० सीसी इंजिनात बदलण्याजोगा कागदी ऑइल फिल्टर नसतोच, त्यामुळे ‘कुठल्या कंपनीचा घेऊ’ या प्रश्नाला तिथे अर्थ नाही. त्या इंजिनात एक तारेची जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक वाटी. ही वाटी क्रँकबरोबर गरगरते. ऑइलपेक्षा जड असलेले धातूचे कण तिच्या कडेला फेकले जातात आणि थापून बसतात. विकत काही आणायचं नाही, पण कधीतरी क्लच कव्हर उघडून वाटीतला काळा गाळ पुसून काढावा लागतो. हे काम बहुतेक गॅरेजांत टाळलंच जातं, कारण कव्हर उघडलं की त्याचं गॅस्केट बदलणं आलं, आणि गिऱ्हाइकाला त्याचे पैसे समजावत बसायला वेळ कुणाला आहे?

एवढ्या साध्या व्यवस्थेवर ते इंजिन वर्षानुवर्षं चालतं, कारण त्याच्या क्रँकला गोळ्या-रोलरची बेअरिंगं आहेत. त्यांना थोडं मळकट ऑइल चालतं, दाबही कमी पुरतो. रॉयल एनफिल्डच्या जोडसिलिंडर ६५० सारख्या इंजिनात क्रँक गुळगुळीत पट्ट्यांवर फिरतो आणि दोन धातूंच्या मध्ये दाबाखालच्या ऑइलचा पातळ थर एवढाच आधार असतो. त्या थराच्या जाडीएवढा कण सर्वांत घातक. त्याहून मोठा आत शिरू शकत नाही, त्याहून बारका न घासता निघून जातो. अशा इंजिनाला नीट फिल्टर हवाच.

चाकणहून येणाऱ्या पल्सरला तो आहे: झाकणाआड बसणारी कागदी घड्यांची छोटी गुंडाळी. दुचाकीतल्या फिल्टरवर मोटारीपेक्षा जास्त बोजा पडतो, हे सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात डुंबतात. म्हणजे क्लचप्लेटची झीज आणि गिअरच्या दातांचा चुरा, सगळं त्या मूठभर कागदावर.

आता ‘बायपास’. भिलाईत हे समजावणं सोपं, कारण रोलिंग मिलमध्ये काम केलेलं कुणी ना कुणी ओळखीत असतंच. मोठ्या यंत्रांच्या ऑइल लाइनवर बरेचदा जोडफिल्टर बसवतात. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक काट्यावर दिसतो. काटा चढला की प्रवाह दुसऱ्या फिल्टरकडे वळवायचा आणि यंत्र न थांबवता पहिला बदलायचा. मोटरसायकलला काटाही नाही, दुसरा फिल्टरही नाही. कागद तुंबला की दाबाने एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल बरं, असा हा हिशेब आहे आणि तो योग्यच आहे. अडचण एवढीच की चालवणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून माझ्या लेखी निवडीचा पहिला निकष हा व्हॉल्व्ह. तो किती दाबाला उघडावा हे इंजिन बनवणारा ठरवतो. काही गाड्यांत तो इंजिनात असतो, काहींत फिल्टरमध्येच. आटे जुळले म्हणून मोटारीचा डबा-फिल्टर दुचाकीला लावणारे हौशी लोक इथेच फसतात. डबा बसतो, गळतही नाही, पण आतली स्प्रिंग दुसऱ्याच इंजिनाच्या दाबासाठी असते. तेव्हा मॅन्युअलमधला पार्ट नंबर लिहून न्या.

खोक्यावर ‘१० मायक्रॉन’ असं छापलेलं असलं तरी लगेच हुरळू नका. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात ते सांगितलं नसेल तर आकडा पोकळ आहे. अर्धेच अडले तरी १० मायक्रॉन म्हणता येतं, ९८ टक्के अडले तरीही. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिल्टरमधून फिरवून आकारानुसार ही टक्केवारी काढतात. किरकोळ दुकानातल्या खोक्यावर ती क्वचितच छापलेली असते. मग हातात घेऊन बघायचं: घड्या एकसारख्या आहेत का, कागदाची टोकं झाकणीला पूर्ण चिकटली आहेत का, मधली जाळी दाबली तर चेपते का. कंपनीचा खरा फिल्टर एकदा पाहिलेला असला की नकली माल बहुधा इथेच ओळखू येतो.

बसवताना जी चूक होते ती महागड्या फिल्टरलाही निकामी करते. कागदी गुंडाळीची उघडी बाजू कुठल्या दिशेला ते काढतानाच पाहून ठेवा. काही इंजिनांत ती उलटी बसली तर ऑइलची वाटच बंद होते. झाकणाची स्प्रिंग जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जाते, तिच्यावर लक्ष असू द्या. ओरिंग नवा घाला आणि त्याला ऑइलचं बोट लावा. डबा-फिल्टर असेल तर रबर टेकल्यावर फिल्टरवर दिलेल्या सूचनेइतकाच, हातानेच आवळा. पान्याने करकचला तर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

शिवाय धूळ आहेच. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू लोखंडापेक्षा कठीण असते आणि ती आत शिरते एअर फिल्टरच्या फटीतून. ती एकदा सिलिंडरला ओरखडे पाडून गेली की मागाहून ऑइल फिल्टरने पकडून उपयोग नाही. ती फट कशी शोधायची, ते पुढच्या भागात.