विंडोजमधला अंगभूत ब्राउझर : लपवणे ते काढणे

ऑगस्ट १९९५मध्ये दुकानांत आलेल्या विंडोज ९५च्या पेटीत इंटरनेट एक्सप्लोरर नव्हता; तो ‘प्लस!’ या वेगळ्या विकत घ्यायच्या संचात मिळे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मधून काढताही येत. नेटस्केप नॅव्हिगेटर या प्रतिस्पर्धी ब्राउझरला गाठण्याच्या शर्यतीत मायक्रोसॉफ्टने ही मोकळीक आवळत नेली. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना एक्सप्लोररचे चिन्ह हटवायला मनाई झाली आणि विंडोज ९८मधून काढून टाकण्याची सोयही गेली.

डिसेंबर १९९७मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी एक्सप्लोररविना विंडोज ९५ उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्या फायली काढल्या तर विंडोज चालणारच नाही, असा मायक्रोसॉफ्टचा दावा होता. न्यायालयात मात्र नेहमीच्या पद्धतीने एक्सप्लोरर ९० सेकंदांच्या आत काढला गेला आणि संगणक चालूच राहिला. हे दोन्ही एकाच वेळी शक्य होते, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. न्यायालयाने हटवला तो समोर दिसणारा कार्यक्रम. मायक्रोसॉफ्ट ज्याबद्दल बोलत होते ते वेबपाने रेखाटणारे इंजिन, म्हणजे १९९७च्या चौथ्या आवृत्तीपासून ‘एमएसएचटीएमएल’ या फायलीत असलेला भाग. विंडोज ९८ची मदतपानेही तोच रेखाटत असे. पुढच्या पंचवीस वर्षांतला प्रत्येक वाद या दोन थरांच्या फरकाशी येऊन थांबतो.

मे १९९८मध्ये सरकारने मक्तेदारीचा मुख्य खटला भरला. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८मधून एक्सप्लोरर हटवणारा छोटा कार्यक्रम लिहून दाखवला. त्याने संगणक मंदावतो, हे सिद्ध करण्यासाठी फेब्रुवारी १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयात एक चित्रफीत लावली. सरकारी वकील डेव्हिड बॉइस यांनी खिडकीच्या वरच्या पट्टीवरील मजकुराकडे बोट दाखवले : त्या दृश्यातल्या संगणकावर फेल्टन यांचा कार्यक्रम चालवलेलाच नव्हता. कंपनीच्या विश्वासार्हतेला हा जबर धक्का होता. जून २००१मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे विभाजन करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला. पण एक्सप्लोरर काढण्याची सोय वगळणे आणि त्याचा कोड विंडोजच्या कोडमध्ये मिसळणे बेकायदा असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला.

त्यानंतर सरकारशी झालेल्या तडजोडीतून २००२मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये जी सोय आली, ती फक्त चिन्ह लपवणारी होती. ही फार अपुरी भरपाई होती, कारण तोवर एक्सप्लोररमधील सुरक्षेच्या त्रुटींचा प्रश्न गंभीर झाला होता. जून २००४मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या संस्थेने सुचवलेल्या उपायांत दुसरा ब्राउझर वापरण्याचा पर्याय होता आणि नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आला. तरी एक्सप्लोरर बंद करणे सोपे नव्हते. त्याची मूळ फाइल पुसली तर विंडोज ती आपोआप परत ठेवी. म्हणून जाणकार त्याच्या सेटिंगमध्ये मुद्दाम खोटा प्रॉक्सी पत्ता भरत, म्हणजे तो उघडला तरी त्याला बाहेरचे काही मिळत नसे. पण तेच सेटिंग वाचणारे इतर कार्यक्रमही अडत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यांना सूट द्यावी लागे. एक्सपीचे अपडेट संकेतस्थळ तर एक्सप्लोररमध्येच चाले. भारतातही अनेक सरकारी संकेतस्थळे एक्सप्लोररचाच आग्रह धरत आणि त्या काळी कित्येक भारतीय भाषांची पाने त्याच्याबाहेर उघडली तर अक्षरांऐवजी कचरा दिसे. दुसरा ब्राउझर बसवणाऱ्यालाही पहिला ठेवावाच लागे.

खरा बदल ऑक्टोबर २००९मध्ये विंडोज ७ने आणला. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीतल्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर ८’समोरची खूण काढून संगणक पुन्हा सुरू केला की ब्राउझर नाहीसा होई. इंजिन जागेवर राहत असल्याने इतर कार्यक्रमांना बाधा येत नसे. यामागे ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या २००७च्या तक्रारीवरून चाललेली युरोपीय आयोगाची चौकशी होती. मार्च २०१०पासून युरोपातील ग्राहकांना ब्राउझर निवडण्याचा पडदा दिसू लागला. विंडोज ७च्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत मे २०११ ते जुलै २०१२ या काळात तो गायब झाला, म्हणून मार्च २०१३मध्ये कंपनीला ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

विंडोज १०ने २०१५मध्ये एज हा नवा अंगभूत ब्राउझर आणला आणि गाडी पुन्हा मागे गेली. अपडेट करताना ब्राउझरची आधीची निवड पुसली जाते, अशी तक्रार फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी जाहीर पत्रातून केली. २०२१च्या विंडोज ११मध्ये सुरुवातीला प्रत्येक फाइलप्रकारासाठी ब्राउझर वेगळा नेमावा लागे. विरोध झाल्यावर मार्च २०२२मध्ये एकच बटण मिळाले. एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निरोप दिला गेला आणि १४ फेब्रुवारी २०२३च्या एज अपडेटने तो विंडोज १०वरून कायमचा बंद झाला. वापरणाऱ्यांना जे वर्षानुवर्षे नाकारले, ते कंपनीने स्वतः एका अपडेटमध्ये केले.

मार्च २०२४पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ३० देशांत, डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे, एज रीतसर काढता येतो. भारतात विंडोज ११च्या ॲपयादीत एजसमोरचे अनइन्स्टॉलचे बटण त्यानंतरही करडेच राहिले. युरोपातही एज काढल्यावर ‘वेबव्ह्यू२’ हे त्याचे इंजिन मागे राहते, कारण विंडोजमधले अनेक कार्यक्रम त्यावर चालतात.