मठातून निघालेला टँकर

नाक मुरडू नकोस पोरी, गोष्ट लघवीची आहे. तीही इटलीतल्या म्हाताऱ्या नन बायकांची. तिच्यातून औषध निघालं आणि ज्यांना डॉक्टरांनी 'तुमचं अंडंच तयार होत नाही' म्हणून परत पाठवलं होतं, अशा कितीतरी घरांत पाळणा हलला.

आधी शरीराचा कारभार समजून घे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ती एफएसएच नावाचं हार्मोन रक्तात सोडते. ते अंडाशयात पोचलं की तिथली काही फॉलिकल वाढीला लागतात. फॉलिकल म्हणजे पाण्यानं भरलेली इवली पिशवी, आत एक अंडं. वाढता वाढता ती इस्ट्रोजेन सोडतात, आणि ते वाढलं की पिट्युटरी हात आखडता घेते. मग बाकीची फॉलिकल उपासमारीनं सुकतात. एखादंच धट्टंकट्टं असतं, ते तेवढ्या तुटपुंज्या एफएसएचवरही तग धरतं. आपल्याला बहुधा एका वेळी एकच मूल होतं, ते या काटकसरीमुळे!

पाळी कायमची गेली की फॉलिकल संपलेली असतात, इस्ट्रोजेन आटतं. समोरच्याला ऐकू गेलं नाही की आपण आवाज चढवतो ना, तसं मग पिट्युटरीचं होतं. एफएसएच कित्येक पटींनी वाढतं आणि वर्षानुवर्षं चढंच राहतं. त्यातलं काही लघवीवाटे वाहून जातं.

रोमच्या सेरोनो कंपनीतल्या पिएरो दोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास ते लघवीतून वेगळं काढलं. पण त्याचं करायचं काय, हे कंपनीला उमगेना. पुढे ब्रूनो लुनेनफेल्ड नावाचा तरुण डॉक्टर आला. जिची पिट्युटरीच गप्प आहे, तिला हे हार्मोन बाहेरून टोचायचं, असं त्याचं म्हणणं. अडचण एकच: पाळी गेलेल्या शेकडो बायकांची लघवी रोज आणायची कुठून? शिवाय त्यांत एकही गरोदर नको, कारण गरोदरपणात लघवीत एचसीजी हे दुसरंच हार्मोन येतं आणि सगळा घाणा बिघडतो.

म्हाताऱ्या बायका एकत्र राहतात आणि गरोदरपणाची शंकाही नाही, अशी जागा कोणती? ननांचे वृद्धाश्रम! कंपनीत व्हॅटिकनचा हिस्सा होता, संचालकांत पोप बारावे पायस यांचे पुतणे ज्युलिओ पाचेली होते. त्यांनी शब्द टाकला आणि मठांतून लघवीचे टँकर कारखान्याकडे निघाले. जन्मभर ब्रह्मचर्य पाळलेल्या बायकांनी परक्यांच्या ओट्या भराव्यात, याची मला फार गंमत वाटते.

१९६१ साली इस्रायलमधल्या तेल हाशोमेरच्या रुग्णालयात या औषधानं एका बाईला दिवस गेले. १९६२ मध्ये मुलगी झाली.

आता खोच बघ. हार्मोन बाहेरून दिलं की पिट्युटरीची काटकसर बाजूला पडते. मागे पडणारी फॉलिकलही पोसली जातात, मग जुळी, तिळी. कधी अंडाशय सुजून पोटात पाणी भरतं, जिवावरही बेततं. म्हणून हल्ली डॉक्टर सोनोग्राफीत फॉलिकल मोजत बसतात. मोठं फॉलिकल १८-२० मिलिमीटरचं झालं की एचसीजीचं इंजेक्शन देतात आणि ते फुटून अंडं बाहेर पडतं. ते एचसीजी मुळात गरोदर बायकांच्या लघवीतून काढलेलं, बरं का. मघाशी जे घाणा बिघडवत होतं, तेच!

पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार असलेल्या मुलींना मात्र एवढा खटाटोप सहसा लागत नाही. त्यांची पिट्युटरी गप्प नसते, म्हणून आधी लेट्रोझोलच्या गोळ्या. त्या इस्ट्रोजेन कमी करतात, पिट्युटरी फसते आणि स्वतःच एफएसएच वाढवते.

पुढे मागणी इतकी वाढली की मठ पुरेनात. मग एफएसएचचं मानवी जनुक हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्या एका प्राण्याच्या पेशींत घातलं आणि १९९५ पासून ते औषध टाक्यांतून बनून बाजारात येऊ लागलं. त्या पेशीही मूळच्या हॅमस्टरच्या अंडाशयातल्या. ते महाग पडतं म्हणून लघवीपासून केलेली इंजेक्शनं आपल्याकडे अजूनही डॉक्टर लिहून देतात.