30 वर्षांच्या नोकरीत 48 वर्षांचं काम

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कामगार गेटवर कार्ड पंच करतो, तिथून त्याच्या दिवसाचा हिशेब सुरू होतो. 1948 च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला 48 तासांची हद्द आखून दिली. त्यापुढच्या कामाला दुप्पट दरानं ओव्हरटाइम. ही हद्द प्रत्येक शेडमध्ये पाळली जाते असं नाही, पण मोडली तर बोट ठेवायला कलम आहे. त्याच रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाची स्टेशन डायरीत नोंद होते, पण जादा तासांचं बिल होत नाही.

हे तास किती? केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास विभागासाठी झालेल्या पाहणीचा अहवाल 2014 मध्ये आला. 23 राज्यांतले 12,156 पोलीस कर्मचारी आणि 1,003 ठाणेप्रमुख तिच्यात होते. आपली माणसं दिवसाला 11 तास किंवा त्याहून जास्त राबतात असं सांगणारे ठाणेप्रमुख 68 टक्क्यांहून अधिक होते. 14 तासांच्या वर, असं म्हणणारे 28 टक्के. महिन्यातून एकसुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असं जवळजवळ तीन चतुर्थांश कर्मचाऱ्यांनी सांगितलं.

आता 11 तासच धरू आणि रजा दोघांच्याही बाजूनं सोडून देऊ. आठवड्याचे होतात 77 तास, म्हणजे कामगारापेक्षा 29 जास्त. वर्षाचे जादा तास 1,508. 30 वर्षं नोकरी केलेला शिपाई कारखान्याच्या मापानं 48 वर्षं राबलेला असतो. असे 1 लाख पोलीस घेतले तर वर्षाला 15 कोटी 8 लाख जादा तास भरतात. तेवढ्या कामाला कायद्यानं आणखी 60 हजार माणसं लागतील. ती माणसं भरलेली नाहीत. त्यांचं काम याच 1 लाखांच्या अंगावर आहे.

कामगारांना निदान रस्त्यावर तरी उतरता येतं. एप्रिल 2016 मध्ये बंगळुरूतल्या कपडा कारखान्यांतल्या लाखभर कामगार, बहुतेक बायका, रस्त्यावर उतरल्या. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा 58 व्या वर्षापर्यंत अडकवणारा नियम त्यांना मान्य नव्हता. कोणत्याही मोठ्या युनियननं हाक दिलेली नव्हती. पीण्याजवळ जालहळ्ळी क्रॉसलाही रस्ता अडला, लाठीमार झाला. पण 19 एप्रिलला, दुसऱ्याच दिवशी, केंद्रानं नियम मागे घेतला.

त्यांच्यासमोर लाठी घेऊन उभं राहिलेलं हेच कर्नाटकचं पोलीस दल. पगार, सुट्टी आणि वरिष्ठांचा जाच या तक्रारींवरून त्यातल्या हजारोंनी 4 जूनला सामूहिक रजेचं ठरवलं. त्याआधीच त्यांच्या महासंघाच्या अध्यक्षांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली आणि रजा बारगळली. कामगारांना सात सह्यांवर युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता येतो, पण पोलिसाला 1966 च्या कायद्यानं परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. केली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

मुंबईनं हे आधी पाहिलं आहे. 15 ऑगस्ट 1982 ला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. 18 तारखेला त्यांच्या संघटनेचे नेते पकडले गेले, शहर पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. शहरातल्या गिरणी कामगारांचा संप तेव्हा सात महिन्यांचा झाला होता.

मे 2016 मध्ये मुंबईच्याच देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू झाल्या आणि ठाणं बंद पडलं नाही. मात्र ती सोय आयुक्तांच्या आदेशानं आली. आदेशानं आलेली गोष्ट आदेशानं जाते, करारानं आलेली तशी सहजी जात नाही.

पोलिसांना संपाचा हक्क नको, हे मला पटतं. पण कसुरीची कारवाई, बदली, सुट्टी आणि तास यांवर सरकारसमोर बसून बोलण्याचा हक्क हवाच. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना कित्येक वर्षांपासून आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारनं निदान तेवढं तरी करावं.