धूर निळा, म्हणून रिंगाच गेल्या असं नाही

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या गॅरेजात जुना १६१३ ट्रक उभा करून "धूर मारतोय, ऑइलही खातोय" म्हटलं, की बरेचदा ठरलेलं उत्तर मिळतं: रिंगा गेल्या, इंजिन काम काढा. एकच गाडी असलेल्या मालकाची कित्येक महिन्यांची कमाई त्यात जाते आणि गाडी उभी राहते ती वेगळीच. पिस्टनच्या रिंगा झिजतात हे खरं. पण इंजिन खोलण्याआधी ज्या गोष्टी बघायच्या, त्यांतल्या बऱ्याचशा फुकट बघता येतात.

काळा धूर आला म्हणजे इंजिन संपलं, असं नाही. ते अर्धवट जळालेलं डिझेल असतं. हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, एवढाच त्याचा अर्थ. भोसरी-चाकणच्या धुळीत एअर फिल्टर लवकर भरतो. टर्बोपुढचा होस फाटला, नोझल ठिबकायला लागलं, पिकअपसाठी पंप वाढवून घेतला, तरी धूर काळाच.

निळा धूर मात्र जळणाऱ्या ऑइलचा. ते कुठून शिरतंय, हे धूर कधी येतो त्यावरून कळतं. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन थोड्या वेळात निवळला, तर व्हॉल्व गाईड आणि सील बघा. कंपनीच्या गेटवर बराच वेळ आयडलला उभी राहिलेली गाडी रेस देताच निळा धूर सोडत असेल, तर टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का पाहा. इथेही चोक झालेला फिल्टर नडतो. हवा मिळाली नाही की टर्बो सीलमधून ऑइल ओढतो. खोपोलीहून घाट चढताना लोडवर धूर सतत येतोय आणि ब्रीदरही जोरात मारतंय, तेव्हा रिंगा-लाइनरवर संशय घ्यावा, तोही कॉम्प्रेशन मोजून पक्का करावा. उतारावर एक्सिलेटर सोडून निळा धूर बघण्याची युक्ती पेट्रोल गाड्यांची आहे. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसतो, त्यामुळे तसा व्हॅक्यूम तयार होत नाही.

धूर नाही, जमिनीवर डाग नाही, तरी ऑइल कमी होतंय? मग ब्रेकची हवेची टाकी बघा. मला वाटतं, सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. एअर कॉम्प्रेसरला वंगण मिळतं ते इंजिनच्याच ऑइलचं. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं. गाडी सपाट जागी लावा, चाकांना ठोकळे लावा, टाकीखाली पुठ्ठा धरून ड्रेन व्हॉल्व उघडा. थोडं पाणी येणारच. पण पुठ्ठ्यावर काळं, चिकट ऑइल पसरलं, तर ते कुठे जात होतं हे सापडलं. कॉम्प्रेसरचं काम इंजिन कामाच्या मानाने किरकोळ, आणि ते टाळूही नये, कारण हे ऑइल ब्रेक व्हॉल्वची रबरं खराब करतं.

पांढरा धूर दिसला की लोक हेड गॅस्केट म्हणतात. थंडीतल्या सकाळी ती नुसती वाफ असू शकते. डोळे झोंबले तर ते न जळलेलं डिझेल. इंजिन गरम झाल्यावरही धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, तेव्हा गॅस्केटचा विचार करावा.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसणं ही चांगली खूण नव्हे. वरून जास्त ओतलेलं नसेल, तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. बेअरिंग जाण्याआधी गाडी थांबवा. जाड ऑइल घालून धूर काही दिवस दबतो, झीज भरून निघत नाही. पीयूसीवरही विसंबू नका. पीयूसीचं यंत्र धूर किती उजेड अडवतो एवढंच मोजतं (बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना त्याची मर्यादा आहे दर मीटरला २.४५), ऑइल कुठे जातंय ते सांगत नाही.

म्हणून वही ठेवा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी बघायची, किती ऑइल घातलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहायचं. आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल आणि महिनोन्‌महिने वाढत नसेल, तर टॉप-अप करत गाडी चालवायला काहीच हरकत नाही.